वर्गणीदारांच्या वहीपासून कुकीपर्यंत : वृत्तपत्रे आणि वाचकाची माहिती

छापील वृत्तपत्राच्या व्यवस्थापनाकडे वाचकाविषयी फार थोडी माहिती असे. टपालाने अंक मागविणाऱ्या वर्गणीदाराचे नाव, पत्ता व वर्गणीची मुदत एवढीच नोंद वहीत होई. सुटा अंक घेणारा तर सर्वस्वी अनामिक होता. १९४८ मध्ये भारतात स्थापन झालेल्या ऑडिट ब्युरो ऑफ सर्क्युलेशन्स या संस्थेने खपाचे आकडे प्रमाणित करण्याचे कार्य हाती घेतले. परंतु तीत प्रती मोजल्या जात, माणसे नव्हेत. वाचनालयातील एकच अंक दिवसभर अनेकांच्या हातून जाई. त्यांपैकी कोणी अग्रलेख वाचला आणि कोणी केवळ बाजारभाव पाहिले, हे संपादकास कळण्यास मार्ग नव्हता. ही अनामिकता कोणत्याही कायद्याने दिलेली नव्हती, ती कागदाच्या स्वरूपातच होती. म्हणूनच ती लोप पावत असता तिची फारशी चर्चा झाली नाही.

१९९४ मध्ये नेटस्केप कंपनीतील लू माँटुली या अभियंत्याने 'कुकी' ही युक्ती योजिली. संकेतस्थळास पूर्वी येऊन गेलेला अभ्यागत ओळखता यावा, हा तिचा मर्यादित हेतू होता. १९९६ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने आपली आवृत्ती संकेतस्थळावर आणली, तेव्हा वाचकास नावनोंदणी आवश्यक केली. वर्गणीदारांच्या वहीचे हे नवे रूप म्हणता येईल. खरा पालट मात्र जाहिरात कंपन्यांनी घडविला. अनेक स्थळांवर एकाच कंपनीची कुकी असल्याने वाचकाचा माग एका स्थळावरून दुसऱ्या स्थळावर काढता येऊ लागला. वृत्तपत्राचे वाचक वृत्तपत्रापेक्षा त्रयस्थालाच अधिक परिचित झाले, ही यातील विचित्र गोष्ट होय.

युरोपीय संघाचा माहिती संरक्षण नियम २५ मे २०१८ रोजी लागू झाला. त्या दिवशी लॉस एंजेलिस टाइम्स व शिकागो ट्रिब्यून यांची संकेतस्थळे युरोपातील वाचकांना बंद झाली. अनुमती मागण्यापेक्षा दार लावून घेणे त्यांना सोयीचे वाटले असावे. जुलै २०२१ मध्ये फ्रान्सच्या नियामक संस्थेने ल फिगारो या दैनिकाच्या प्रकाशकास ५०,००० युरोंचा दंड केला. वाचकाची संमती नसताना, किंबहुना त्याने नकार दिल्यावरही, जाहिरात भागीदारांच्या कुकी बसविल्या जात होत्या. कुकी त्रयस्थाच्या असल्या तरी प्रकाशकाची जबाबदारी टळत नाही, हा या निर्णयातील महत्त्वाचा भाग. दुसरी बाजूही दुर्लक्षिण्याजोगी नाही. छापील जाहिरातींचे उत्पन्न घटत गेलेल्या वृत्तपत्रांपुढे वाचकाकडून पैसे घ्यावेत की त्याची माहिती विकावी, हा पेच होता. ऑस्ट्रियातील डेर स्टँडर्ड या दैनिकाने २०१८ मध्ये तो उघडपणे वाचकापुढेच ठेवला : संमती द्या अथवा शुल्क भरा.

भारतात २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपण हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्वाळा दिला. त्यानंतर २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम संमत झाला. संमती मुक्त, विशिष्ट, माहितीपूर्ण, विनाअट व निःसंदिग्ध असावी, असे तो म्हणतो. 'विनाअट' या शब्दापुढे डेर स्टँडर्डसारखी योजना टिकेल काय, याचे स्पष्ट उत्तर अधिनियमात नाही. सूचना इंग्रजीत अथवा आठव्या अनुसूचीतील भाषेत पाहण्याचा पर्याय वाचकास द्यावा लागेल, अर्थात मराठीतही. अधिनियमाखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून, बहुतांश जबाबदाऱ्यांच्या पालनासाठी त्यांत अठरा महिन्यांची मुदत ठेवली आहे.