उन्हाळ्यांतलें उन्हाळें

आर्णीस वैशाखांत ऊन पाण्याच्या स्नानाची गोष्ट काढली तर ऐकणारा हंसेल. दारांना वाळ्याचे पडदे लावून रांजणाशेजारीं दुपार काढणारा तो मुलूख. तरी तेथून दक्षिणेकडे, पैनगंगेच्या कांठीं उनकेश्वर आहे, आणि तेथील गंधकयुक्त झरा ऋतु न पाहतां उष्णच वाहतो. इंग्रजी अमदानींत आर्णी वऱ्हाडांत होती व उनकेश्वर हैदराबाद संस्थानांत; आज तें नांदेड जिल्ह्यांत मोडतें. शरभंग ऋषींच्या कुष्ठनिवारणासाठीं श्रीरामानें बाण मारून हा झरा काढला, अशी लोककथा आहे. कोंकणांत अशा झऱ्याला ‘उन्हाळें’ म्हणतात; राजापूरजवळच्या एका गांवाचें नांवच तें पडलें. तेव्हां प्रश्न असा, कीं उन्हाळ्यांत उन्हाळें निवावें कसें?

पावसाचें पाणी भेगांतून खोल जातें, भूगर्भांत दर किलोमीटरास सुमारें २५ ते ३० अंशांनीं वाढणारी उष्णता घेतें आणि पुन्हां वर येतें. तेथें जाळ ओढून घेण्यास चूल नाहीं. वर आलेलें पाणी मुख्यतः दोन मार्गांनीं निवतें: हवेला उष्णता देऊन आणि वाफ होऊन. पौषांत हवा १५ अंशांवर असतां पहिला मार्ग मोकळा असतो. वैशाखांत ती ४४ अंशांवर गेली, म्हणजे ४२ अंशांच्या कुंडाला निववीत नाहीं, उलट तापविते. उरते ती वाफ. सुदैवानें वऱ्हाडची हवा कोरडी. जी रांजण गार करते, तीच कुंडालाही हात देते. तानसेकांठच्या वज्रेश्वरीस हवा इतकी तापत नाहीं, पण ती दमट, म्हणून पाण्याची वाफ होण्यास नाखूष. (वज्रेश्वरीचें देऊळ चिमाजी अप्पांच्या १७३९ च्या वसई-मोहिमेंतील नवसाचें म्हणून प्रसिद्ध आहे. जवळच गणेशपुरीस कुंडें अनेक, आणि त्यांची उष्णता सारखी नाहीं. ज्याला जें सोसेल तें त्यानें निवडावें.)

घरोघरीं उपाय सोपा होता. बंबांतलें कढत पाणी घंगाळांत ओतावें आणि वर थंड पाण्याचें विसण घालावें. घंगाळाचें तोंड रुंद केलें तें कांहीं केवळ शोभेसाठीं नसावें. परंतु औषधी मानलेल्या झऱ्यांत विसण घालणें म्हणजे काढ्यांत पाणी ओतण्यासारखेंच. जपानांतील कुसात्सु येथें ही अडचण फार जुनी आहे. तेथील झरा ५० अंशांहूनही कढत. तें पाणी लांकडी पन्हळींतून खेळवून निववितात. शिवाय लांब फळ्यांनीं तें घुसळण्याची, आणि घुसळतां घुसळतां गाणीं म्हणण्याची तेथें रीत आहे. बाहेरचा थेंबही न घालतां उष्णता उतरते. जात्यावर ओव्या गाणाऱ्या देशास ही युक्ति परकी वाटूं नये.

उनकेश्वरासारख्या ठिकाणीं मात्र प्रश्न निव्वळ सुखाचा नाहीं. कथेंतला रोगी कुष्ठाचा. आणि कुष्ठांत ज्ञानतंतु बधिर होतात. पाणी पोळतें आहे हें ज्याला कळतच नाहीं, तोच तेथें आशेनें उतरणार. मागाहून फोड आला तर तो रोगाचा कीं पाण्याचा, हें कोणी सांगावें? हॅन्सेननें १८७३ त या रोगाचा जंतु शोधला, आणि गुण देणारीं औषधें विसाव्या शतकाच्या पांचव्या दशकापासून मिळूं लागलीं. उष्णोदकानें तो जंतु मरत नाहीं. तरी श्रद्धेनें जाणारे जातात. त्यांत ज्याची त्वचा बधिर असेल, त्यानें आपल्या हातावर विसंबूं नये. सोबतच्या निरोगी माणसानें कोपर बुडवून, शक्य तर उष्णतामापक लावून पाहावें. पारा ४० अंशांपुढें असेल तर कुंडांत न उतरतां पाणी घंगाळांत काढावें आणि सावलींत निवूं द्यावें, तेंही पहाटेच्या वेळीं, हवा तापण्यापूर्वीं.