खडीवरची माय, झोळीतलं मूल

बाहत्तरच्या दुष्काळाचा विषय निघाला की मराठवाड्यातली, नगर-सोलापूरकडची जुनी माणसं दोन नावं हमखास घेतात: मिलो आणि सुकडी. मिलो म्हणजे परदेशातून आलेली लाल ज्वारी. सुकडी म्हणजे दुष्काळी कामांवर वाटलेला गोड पूरक आहार.

मे १९७३मध्ये राज्यभर जवळजवळ ५० लाख माणसं सरकारी कामांवर होती. कुठे खडी फोडायची, कुठे पाझर तलावाची माती वाहायची. १८७६ ते ७८च्या दुष्काळात दख्खनने पाहिलेलं मरणाचं थैमान या वेळी टळलं, आणि ते या कामांमुळेच टळलं. ते श्रेय द्यायलाच हवं.

मात्र पोटाची गणती दोन्ही वेळा राबणाऱ्या हातांवरूनच झाली. जानेवारी १८७७मध्ये ब्रिटिश सरकारचा दुष्काळ-प्रतिनिधी रिचर्ड टेंपल याने पुरुष मजुराची रोजी दिवसाला एक रत्तल धान्य आणि वर थोडे पैसे इतकी खाली आणली. मुंबई इलाख्यात हजारो मजूर कामं सोडून निघून गेले. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू लावून धरली. १९७२ साली मजुरी ठरत होती मापावर. खडीचा ढीग मोजायचा, मातीचा खड्डा मोजायचा, त्यावर पैसे. कामावर बायका मोठ्या संख्येने होत्या. झाडाला बांधलेल्या झोळीतलं मूल रडलं आणि आई पाजायला उठली, की तेवढं माप कमी भरायचं.

घरात धान्य कमी पडलं की सगळंच एकदम संपत नाही. आधी दूध जातं, कारण जनावर विकलेलं असतं नाहीतर चाऱ्यावाचून मेलेलं असतं. मग डाळ, मग तेल. उरते भाकरी. मोठं माणूस ती पाण्यात कुस्करून दिवस काढतं. वर्षाच्या मुलाचं पोटच एवढंसं. त्याला थोडं थोडं, पण दिवसातून अनेकदा, घट्ट आणि स्निग्ध अन्न लागतं. त्याच्या वाट्याला येतात पातळ कण्या, त्याही आई कामावरून परतल्यावर. पोट भरल्यासारखं दिसतं, वाढ खुंटते. अशा मुलाची नोंद भूकबळींच्या आकड्यात कधीच होत नाही. सुकडीचं मोल यासाठी मोठं होतं: मूल काम करत नसतानाही ती त्याच्या तोंडी जाऊ शकत होती.

पुढे दोन वेगळ्या वाटा निघाल्या. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी पाठपुरावा केलेल्या रोजगार हमीचा कायदा १९७७मध्ये झाला आणि २६ जानेवारी १९७९पासून अमलात आला. कामाच्या जागी मुलांसाठी सावलीची सोय करण्याचंही ठरलं. त्याआधीच, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, एकात्मिक बालविकास सेवा योजना देशात ३३ ठिकाणी सुरू झाली होती. अंगणवाडी ही मूळची ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडच्या आदिवासी मुलांसाठी रुजवलेली कल्पना. आता तिच्यावर पूरक आहाराची जबाबदारीही आली.

आईची रोजी एका खात्याकडे आणि मुलाचा घास दुसऱ्याकडे, ही फाळणी फार काळ टिकली. हमीची मजुरी रखडली तर घरी डाळ येत नाही, हे अंगणवाडीच्या वहीत कुठे दिसणार? आदिवासी भागातल्या गरोदर आणि स्तनदा मातांना रोज एक वेळचं गरम, पूर्ण जेवण देणारी अमृत आहार योजना राज्यात आली ती २०१५मध्ये. त्यानंतरच्या, २०१९ ते २१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतही महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या ३५.२ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने कमीच भरली.