पाण्याखालची आग, पाण्यातली आग

कन्नडमधल्या ‘हंडे’ या शब्दासाठी मराठीत ‘बंब’ लिहिणे सोयीचे असते. दोन्ही वस्तू न्हाणीघरातल्या, दोन्ही बहुधा तांब्याच्या, दोन्हींना सरपण लागते. तरीही मी ‘हंडा’च ठेवते, कारण या दोन वस्तूंत आगीची जागा वेगळी आहे.

जुन्या म्हैसूर भागात घरामागच्या ‘बच्चलु मने’त, म्हणजे न्हाणीघरात, माती-विटांच्या चुलीवर मोठा हंडा कायमचा बसवलेला असे. या चुलीला ‘नीरोले’ म्हणतात, पाण्याची चूल. काही घरांत तिचे तोंड भिंतीबाहेर असे, म्हणजे धूर आणि राख आत येत नसे. नरकचतुर्दशीच्या आदल्या संध्याकाळी हंडा घासून, सजवून भरायचा, त्या दिवसाचे नावच ‘नीरु तुंबुव हब्ब’, पाणी भरण्याचा सण. आपल्याकडचे अभ्यंगस्नान दुसऱ्या पहाटे असते. इथे त्याची पूर्वतयारीसुद्धा सण झाली.

बंबाची रचना निराळी. तांब्याच्या उभ्या पिंपातून मधोमध एक नळी जाते, खाली जाळी, बाजूला पितळी तोटी. नळीत वरून ढलप्या, करवंट्या, गोवऱ्या टाकायच्या. आग पाण्याच्या पोटातच असल्याने उष्णता चहूबाजूंनी पाण्याला मिळते. रशियन समोवारची युक्ती हीच. 1829 सालच्या स्टीफन्सन यांच्या ‘रॉकेट’ इंजिनाने तीच 25 तांब्याच्या नळ्यांनी वापरली. पुण्याच्या तांबट आळीत असे बंब हातोडीने ठोकून घडवले गेले. नाव मात्र परके: पोर्तुगीज ‘बोंबा’ म्हणजे पंप, त्याच्याशी या शब्दाचे नाते जोडले जाते. म्हणून आग विझवणाराही बंब आणि आग पोटात घेणाराही बंब.

दोन्हींना ‘बॉयलर’ म्हणूनही भागत नाही. 1923 च्या भारतीय बॉयलर कायद्यात बॉयलर म्हणजे दाबाखाली वाफ निर्माण करणारे बंद भांडे होते. बंब आणि हंडा उघडे असतात, वाफ कोंडत नाही. घरगुती कारागिराच्या हातची वस्तू पिढ्यान्‌पिढ्या निर्धोक वापरता आली, ती या उघडेपणामुळे.

थंड देशांत लोक घराबाहेर शेडमध्ये लाकडाचा बॉयलर बांधतात आणि जमिनीखालच्या नळांतून गरम पाणी खोल्यांत फिरवून घर ऊबदार ठेवतात. त्यात भट्टीभोवती पाण्याचे कवच असते. ते ज्वाळेलाच थंड करते, लाकूड अर्धवट जळते आणि धूर शेजाऱ्यांकडे जातो. अमेरिकेत 2015 साली अशा बॉयलरांसाठी प्रदूषणाची मानके आली. बंब पेटताना न्हाणीघर धुराने का भरते, याचेही एक कारण हेच: थंड पाण्याला टेकलेली आग.

बेंगळुरूत घर तापवायची गरज नव्हती. तापवायचे ते आंघोळीचे पाणी. शिवनसमुद्रची वीज 1905 साली शहरात आली, पण नीरोले तिच्यानंतरही कितीतरी वर्षे पेटत राहिली. या आगीचा हिशेब प्रथम गंभीरपणे मांडला तो भारतीय विज्ञान संस्थेतल्या ‘अस्त्र’ने. अमूल्य रेड्डी यांच्या पुढाकाराने 1974 साली ही शाखा सुरू झाली. तुमकूर जिल्ह्यातल्या उंग्रा परिसरात, पुरा या गावी, त्यांनी घरोघर ऊर्जा मोजली. सर्वांत मोठा वाटा सरपणाचा निघाला, आणि ते बहुतेक विकत घेतलेले नसून गोळा केलेले होते. त्यात बायकांचे आणि मुलांचे तास होते, जे बाजारभावाच्या कुठल्याही हिशेबात येत नव्हते. पुढे धुराडे आणि जाळी असलेली ‘अस्त्र ओले’ आली, आंघोळीच्या पाण्याची चूलही आली. धुराड्याने धूर बाहेर गेला आणि सरपण कमी लागू लागले.

2007 साली कर्नाटकाने ठरावीक आकाराच्या नव्या इमारतींना सौर जलतापक सक्तीचे केले. आता गच्चीवरची नळी ऊन पिते. तांब्याचे हंडे दिवाणखान्यात झाडे लावायला जातात. त्यामुळे जुन्या कादंबरीत एखादी सून पहाटे हंड्याखाली जाळ करते, तेव्हा आजच्या वाचकाला फक्त गरम पाणी दिसते. अनुवादात मला त्या वाक्यातली चूल ठेवावी लागते, आणि तिच्यासमोर वाकून फुंकणारी बाईही. ‘बंब’ लिहिले तर ती उभी राहते, वरून करवंट्या टाकते. गोष्टीत ती तशी नसते.