उंदीर पाळणारी बाई

मागच्या विकांताला माझ्या रूममेटने क्रॉफर्ड मार्केटमधून पांढऱ्या उंदरांची जोडी आणली. फोनवर सांगितलं तर झरी जामणीहून आई उखडलीच. "आम्ही इथं घरात भरलेला कापूस उंदरायपासून वाचवून राह्यलो, अन् तू पिंजऱ्यात पाळून राह्यला?"

आईचं चूक नाही. १८९६ साली मुंबईत मांडवीला प्लेग सुरू झाला आणि उंदीर म्हणजे मरण हे समीकरण आपल्याकडे पक्कं झालं. १८९८ मध्ये कराचीत पॉल-लुई सिमाँ याने दाखवून दिलं की रोग पोचवते ती उंदरावरची पिसू. पण तो उंदीर मोठा. घरातला छोटा माऊस वेगळा प्राणी. मराठीत दोघंही उंदीरच, त्यामुळे सगळा घोळ!

छोट्याचा इतिहास भलताच रंजक निघाला. जपानमध्ये १७८७ साली रंगीत उंदरांच्या पैदाशीवर चक्क पुस्तक निघालं. इंग्लंडमध्ये १८९५ साली उंदीर पाळणाऱ्यांचा राष्ट्रीय क्लब झाला. आणि अमेरिकेत ॲबी लॅथ्रॉप ही माजी शिक्षिका हौशी लोकांना विकायला म्हणून उंदीर वाढवू लागली. पुढे हार्वर्डचे संशोधक तिच्याकडून उंदीर नेऊ लागले. काही उंदरांच्या अंगावर गाठी दिसल्या तेव्हा तिने ते टाकून दिले नाहीत, तर डॉ. लिओ लोब यांना पाठवले. त्या गाठी कॅन्सरच्या निघाल्या. पुढे दोघांनी मिळून शोधनिबंध लिहिले. १९१८ मध्ये ती गेली. तिच्याच ५७ नंबरच्या मादीपासून १९२१ साली जो वंश तयार झाला, त्याचा जीनोम २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. आज जगभरच्या प्रयोगशाळांत हाच वंश सर्वात जास्त वापरला जातो.

हे वाचताना मला मावशी आठवली. दोन वर्षांपूर्वी तिची केमो झाली. अशी औषधं माणसाला देण्याआधी उंदरांवर तपासतात.

असो. आमच्या जोडीत एक नर, एक मादी. तीन आठवड्यांत पिल्लं होतात म्हणून दोघांचे पिंजरे वेगळे केलेत. आयुष्य जेमतेम दोन वर्षांचं, तेवढं नीट सांभाळायचं ठरवलंय.

रविवारी आईला हे सगळं सांगितलं. मावशीचं नाव निघाल्यावर ती जराशी गप्प झाली. मग म्हणाली, "मंग त्यायले ज्वारीचे दाणे टाकत जाय. ब्रेड नको देऊ."