तिऱ्हाइताचा हक्क

इंग्लंडच्या जुन्या न्यायपरंपरेत असा एक विचित्र नियम होता, की एकाच्या निष्काळजीपणाने दुसऱ्याचा पाय मोडला तर जखमी इसमास भरपाई मागता येई. परंतु तोच इसम दगावला तर त्याच्या विधवेस आणि लेकरांस दिवाणी कोर्टात दादच नसे. १८०८ साली लॉर्ड एलनबरो यांनी हे तत्त्व निःसंदिग्धपणे सांगितले, आणि आगगाड्यांच्या युगात त्यातला अन्याय उघडा पडल्यावर १८४६ साली पार्लमेंटने ते मोडीत काढले. नऊ वर्षांनी, कंपनी सरकारच्या अखेरच्या अमदानीत, प्राणांतिक अपघातांविषयीच्या कायद्याने हाच न्याय हिंदुस्थानास लागू झाला. तथापि हुकूमनामा हाती पडला तरी प्रतिवादी कफल्लक निघाल्यास त्याने मयताच्या घरची चूल पेटत नसे.

मोटारीने हा प्रश्न हमरस्त्यावर आणून उभा केला. १९१४ चा मोटार कायदा मुख्यतः नोंदणी, परवाना आणि वेग यांच्या बंदोबस्तात गुंतलेला होता. विम्याची सक्ती १९३९ च्या कायद्याने ठरविली, आणि ते प्रकरण प्रत्यक्ष अंमलात आले १ जुलै १९४६ पासून. या तरतुदीचे वैशिष्ट्य असे, की करार मालक आणि कंपनी या दोघांतला, हप्ता मालकाचा, आणि हक्क मात्र अशा तिऱ्हाइताचा, की ज्याने ती पॉलिसी कधी डोळ्यांनीही पाहिलेली नाही. त्यानंतरच्या निकालांचा इतिहास पाहिला तर बहुतेक तंट्यांच्या मुळाशी एकच प्रश्न आढळतो: दोघांच्या भांडणाची झळ या तिसऱ्यास कितपत लागू द्यावी?

१९५६ च्या दुरुस्तीने दिवाणी दाव्याच्या लांबण प्रक्रियेऐवजी संक्षिप्त चौकशी करणाऱ्या दावा न्यायाधिकरणांची वाट मोकळी झाली. परंतु चालकाचा हलगर्जीपणा शाबीत करण्याचे ओझे अर्जदाराच्याच माथी राहिले, आणि मुंबईहून गेलेल्या एका प्रकरणात १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने दोष सिद्ध झाल्यावाचून भरपाई नाही असे बजावले. संसदेने त्यास १९८२ साली उत्तर दिले: दोष कोणाचाही असो, मृत्यूबद्दल १५,००० आणि कायमच्या अपंगत्वाबद्दल ७,५०० रुपये द्यावेतच. रकमा तुटपुंज्या होत्या खऱ्या. पण दोषाचा विचार बाजूस ठेवून आपत्तीचा विचार करण्याची रीत येथून सुरू झाली.

कंपन्यांचे हुकमी हत्यार म्हणजे चालकाचा परवाना. तो मुदतबाह्य आहे, बनावट आहे, वेगळ्या वर्गाचा आहे, असे आक्षेप कैफियतींतून वर्षानुवर्षे येत राहिले. २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने ठरविले, की केवळ एवढ्याने कंपनीस तिऱ्हाइतापुढे हात वर करता येणार नाहीत. मालकाने जाणूनबुजून शर्त मोडल्याचे तिने दाखविले पाहिजे, आणि तसे दाखविले तरी प्रसंगी आधी रक्कम भरून मग ती मालकाकडून वसूल करावी. नोव्हेंबर २०२४ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने, हलक्या वाहनाचा परवाना असलेल्यास ७,५०० किलोपर्यंतचे मालवाहू वा प्रवासी वाहनही चालविता येते, असा निर्वाळा देऊन या वादाचे एक मोठे दालन बंद केले.

आयुष्याचे मोल अंकांत कसे मांडतात, हेही पाहण्याजोगे आहे. समजा, मयत अठ्ठावीस वर्षांचा फळविक्रेता आहे, महिन्याची प्राप्ती १०,००० रुपये, मागे पत्नी, दोन मुले व आई. वर्षाचे १,२०,००० झाले. २०१७ च्या घटनापीठाच्या निर्णयान्वये, स्वतःचा धंदा करणाऱ्या तरुणाच्या भावी उत्कर्षासाठी त्यात चाळीस टक्के मिळवून १,६८,००० होतात. त्याच्या स्वतःच्या खर्चापोटी चतुर्थांश वजा जाऊन १,२६,००० उरतात. आणि २००९ च्या निकालातील कोष्टकाप्रमाणे या वयास लागू असलेल्या १७ या गुणकाने गुणिले, की २१,४२,००० ही मूळ रक्कम निघते. या त्रैराशिकाने दुःख मोजले जात नाही, आणि तसा त्याचा दावाही नाही. मात्र एका जिल्ह्यातल्या विधवेस लाख आणि दुसऱ्या जिल्ह्यातल्या विधवेस हजार, ही मनमानी त्याने बऱ्याच अंशी आटोक्यात आणिली.

जिच्या श्रमास पगारपत्रक नाही त्या गृहिणीचे काय, हा प्रश्न न्यायालयांपुढे वारंवार आला. २००१ साली, जमशेदपूरच्या अग्निप्रलयातील मृतांच्या प्रकरणी, सर्वोच्च न्यायालयाने गृहिणीच्या सेवेचे मोल दरमहा ३,००० रुपये धरले; आणि २०२१ च्या आरंभी, एका मोटार अपघाताच्या प्रकरणात, तिच्या मानीव उत्पन्नातही भावी वाढ धरली पाहिजे असे सांगून घरकामास कमावत्या श्रमाच्या पंगतीस बसविले.

हा सारा प्रवास सरळ रेषेत झाला, असे मात्र म्हणवत नाही. अर्जासाठीची सहा महिन्यांची मुदत १९९४ साली काढून टाकली होती. ती १ एप्रिल २०२२ पासून कायद्यात पुन्हा घालण्यात आली. ज्याच्या घरी सुतक नाही त्या कंपनीस सहा महिने पुष्कळ वाटतील. पण पंचनाम्याची नक्कल, शवविच्छेदनाचा अहवाल आणि वारसाचे दाखले गोळा करीत कचेऱ्यांचे उंबरे झिजविणाऱ्या कुटुंबास ते थोडेच. परवान्याच्या तांत्रिक दोषापासून तिऱ्हाइतास वाचविणाऱ्या न्यायव्यवस्थेने दिनदर्शिकेपासूनही त्यास वाचविले पाहिजे. नाही तर पाऊणशे वर्षांत कमावलेला हक्क अर्जाच्या खिडकीवरच गमावला जाईल.