ब्रेस्टेड, जेम्स हेन्री

प्राचीन ईजिप्तचा अमेरिकन इतिहासकार, कोरीव लेखांचा चिकित्सक संपादक आणि शिकागो विद्यापीठातील ओरिएंटल इन्स्टिट्यूट या संशोधनसंस्थेचा संस्थापक. जन्म २७ ऑगस्ट १८६५ रोजी इलिनॉय राज्यातील रॉकफर्ड येथे. मृत्यू २ डिसेंबर १९३५ रोजी न्यूयॉर्क येथे. फ्लिंडर्स पीट्री, हॉवर्ड कार्टर यांच्यासारख्या उत्खननकारांनी वाळूखालचे जग उघडे केले त्या काळात, भिंतींवरील व शिळांवरील लेखांच्या नकला करण्यात ज्याने आपली उमेदीची वर्षे घालविली, त्या या पंडिताची गणना त्यांच्याच पंक्तीत व्हावी, याचे नवल वाटणे स्वाभाविक आहे. परंतु वाळूखाली दडलेली वस्तू आणखी काही पिढ्या सुरक्षित राहू शकते, उघड्यावर आलेला लेख मात्र ऊन, ओल आणि माणसांचा उपद्रव यांमुळे वर्षानुवर्षे झिजत जातो व एकदा पुसला गेला म्हणजे कोणत्याही उत्खननाने परत मिळत नाही, ही गोष्ट त्याने आपल्या समकालीनांपेक्षा अधिक स्पष्टपणे ओळखली होती, आणि त्याच्या पुढील सर्व उद्योगाचे मूळ या ओळखीतच आहे.

तारुण्यात त्याने औषधनिर्मितीचे शिक्षण घेतले होते व काही काळ तो व्यवसायही केला होता. पुढे धर्मोपदेशक होण्याच्या इराद्याने तो शिकागो येथील धर्मविद्यालयात दाखल झाला. तेथे हिब्रू भाषेत त्याची गती इतकी झाली की, बायबलचे प्रचलित भाषांतर मुळाशी जागोजाग जुळत नाही हे त्याच्या ध्यानी येऊ लागले, आणि जो मजकूर सदोष आहे असे आपणांस ठाऊक आहे त्यावर प्रवचने कशी करावी, या अडचणीपायी त्याने तो मार्ग सोडला. त्यानंतर येल विद्यापीठात विल्यम रेनी हार्पर या हिब्रूच्या अध्यापकाने त्याला ईजिप्तविद्येकडे वळविले. शिकागोस स्थापन होत असलेल्या नव्या विद्यापीठाचे अध्यक्षपद हार्परकडे येत होते, तेव्हा जर्मनीत जाऊन ही विद्या संपादन केल्यास त्या विद्यापीठात जागा मिळेल, असे आश्वासन त्याने या तरुणास दिले. बर्लिनमध्ये आडोल्फ एर्मान याच्या हाताखाली ब्रेस्टेडचे अध्ययन झाले. ईजिप्शियन भाषा ही गूढविद्येची पेटी नसून कालपरत्वे बदलत गेलेली, व्याकरणाच्या नियमांनी बांधलेली भाषा आहे, हा एर्मानच्या संप्रदायाचा सिद्धांत. त्याची शिस्त ब्रेस्टेडच्या अंगी कायमची भिनली. इखनाटन राजाच्या काळातील सूर्यस्तोत्रांवर लॅटिनमध्ये लिहिलेल्या प्रबंधास १८९४ मध्ये डॉक्टरेट मिळाली, आणि ईजिप्तविद्येत ही पदवी मिळविणारा तो पहिला अमेरिकन ठरला. त्याच वर्षी फ्रान्सेस हार्ट हिच्याशी त्याचा विवाह झाला व वधूवर मधुचंद्रासाठी ईजिप्तला गेले; तेथेही विद्यापीठाच्या संग्रहालयासाठी पुरातन वस्तू जमविणे चालूच होते, यावरून या संसाराची पुढील रीत कळावी.

शिकागोस परतल्यावर वेतन अपुरे व कामाचा व्याप मोठा, अशा स्थितीत काही वर्षे गेली. १८९९ नंतर बर्लिनच्या अकादमीने हाती घेतलेल्या ईजिप्शियन भाषेच्या महाकोशासाठी युरोपातील संग्रहालयांतल्या लेखांच्या नकला करण्याचे काम त्याच्याकडे आले. पूर्वी प्रसिद्ध झालेल्या नकला अस्सल शिळांशी ताडून पाहता त्यांत चुका किती आहेत हे त्याला प्रत्यक्ष दिसले. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापासून पडून असलेली, त्यापूर्वी कधी काळी जात्याच्या तळीसारखी वापरल्यामुळे मध्यभागी झिजलेली शाबाका राजाची काळी शिळा हे याचे उत्तम उदाहरण होय. तिच्यावरील स्तंभाकार ओळी पूर्वीच्या वाचकांनी उलट्या क्रमाने वाचल्या होत्या. ब्रेस्टेडने १९०१ मध्ये योग्य क्रम दाखविताच त्या विस्कळित मजकुरातून प्टाह देवाने अंतःकरणात संकल्प करून जिव्हेने उच्चारताच सृष्टी उत्पन्न झाली, असे सुसंगत विवेचन प्रकट झाले. शब्दब्रह्माच्या कल्पनेशी परिचित असलेल्या आपल्या वाचकास त्यात विशेष रस वाटावा. कादेशच्या लढाईवरील त्याचा प्रबंध १९०३ चा. दुसऱ्या रामेसिसच्या देवळांवरील लेख व कोरीव चित्रे यांवरून हित्ती सैन्याच्या हालचालींचा माग त्यात काढलेला आहे.

१९०५ हे वर्ष त्याच्या आयुष्यात अनेक प्रकारे निर्णायक ठरले. त्या वर्षी शिकागो विद्यापीठाने अमेरिकेतील ईजिप्तविद्येचे पहिले प्राध्यापकपद त्यास दिले, त्याचा ‘अ हिस्टरी ऑफ ईजिप्त’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला, आणि नूबियाच्या मोहिमेस प्रारंभ झाला. पुढील दोन वर्षांत ‘एन्शंट रेकॉर्ड्‌स ऑफ ईजिप्त’ हे ऐतिहासिक लेखांच्या भाषांतराचे पाच खंड निघाले. आरंभापासून इराणी आक्रमणापर्यंतचे लेख, शक्य तेथे अस्सलाशी ताडून, कालक्रमाने लावून व टीपा देऊन त्याने वाचकांसमोर ठेवले. पाचवा खंड केवळ सूचींचा आहे. इतिहासग्रंथ वाचनीय होता व त्याचा खप पुष्कळ झाला, परंतु विद्येच्या दृष्टीने त्याची किंमत या पाच खंडांमुळे होती, कारण लेखकाच्या प्रत्येक विधानामागचा दाखला वाचकास स्वतः तपासता येत होता.

नूबियाच्या दोन मोहिमा १९०५ ते १९०७ या काळात झाल्या. अबू सिंबेलपासून दूर दक्षिणेस नाईलच्या चौथ्या धबधब्यापर्यंतची देवळे व लेख यांची हजाराहून अधिक छायाचित्रे त्याच्या तुकडीने घेतली. पुढे आस्वानच्या धरणाची उंची वाढली, नंतर मोठे धरण झाले आणि त्या प्रदेशाचा फार मोठा भाग पाण्याखाली गेला. तेव्हा या छायाचित्रांचे मोल सर्वांस पटले.

पहिल्या महायुद्धानंतर पश्चिम आशियाची दारे उघडत आहेत असे पाहून ब्रेस्टेडने प्राच्यविद्येच्या स्वतंत्र संस्थेची योजना धाकट्या जॉन डी. रॉकफेलरकडे पाठविली. ब्रेस्टेडचे ‘एन्शंट टाइम्स’ हे शालेय पाठ्यपुस्तक (१९१६) त्या कुटुंबात आधीच वाचले गेले होते. रॉकफेलरने प्रतिवर्षी दहा हजार डॉलर याप्रमाणे पाच वर्षांची मंजुरी दिली आणि १९१९ मध्ये ओरिएंटल इन्स्टिट्यूट अस्तित्वात आली. संस्थेच्या पहिल्याच वर्षी ब्रेस्टेड ईजिप्तहून मुंबईमार्गे बसऱ्यास, तेथून बगदादला व युफ्रेटीसच्या काठाने सीरियात गेला. वाटेत सालिहिया येथे ब्रिटिश फौजेला खंदक खणताना सापडलेली भित्तिचित्रे त्याने जेमतेम एका दिवसात नोंदवून घेतली. ते स्थळ पुढे ड्यूरा-युरोपस म्हणून प्रसिद्धीस आले. पुढील पंधरा वर्षांत मेगिद्दो, खोर्साबाद, पर्सेपोलिस येथे संस्थेची उत्खनने चालू झाली. अक्कडी भाषेचा जो कोश १९२१ मध्ये आरंभिला गेला तो पुरा होण्यास २०११ साल उजाडले.

या सर्व व्यापात ब्रेस्टेडच्या मनाच्या सर्वांत जवळचे कार्य १९२४ मध्ये लक्सर येथे स्थापन झालेल्या लेखनोंदणीच्या ठाण्याचे होते; त्यास ‘शिकागो हाउस’ म्हणतात. मेदिनेत हाबू येथील तिसऱ्या रामेसिसच्या देवळापासून तेथे आरंभ झाला. प्रथम भिंतीचे मोठ्या आकाराचे छायाचित्र घ्यावयाचे. त्याची वाढविलेली प्रत घेऊन चित्रकाराने भिंतीसमोर उभे राहून त्या प्रतीवरच रेषा काढावयाच्या. मग रसायनाने छायाचित्र पुसून टाकून केवळ रेखाटन शिल्लक ठेवावयाचे. त्यानंतर लिपिज्ञाने ते रेखाटन भिंतीशी अक्षरशः ताडून दुरुस्त्या सुचवावयाच्या, दुसऱ्या लिपिज्ञाने त्या दुरुस्त्यांची फेरतपासणी करावयाची, आणि मतभेद उरल्यास सर्वांनी पुन्हा भिंतीपाशी जाऊन निकाल लावावयाचा, असा क्रम ठरला. छायाचित्रात सावलीमुळे जे दिसत नाही ते चित्रकार पाहतो. चित्रकारास भाषा येत नसल्याने जे त्याच्या नजरेतून निसटते ते लिपिज्ञ पकडतो. या पद्धतीचा वेग अर्थातच मंद आहे. मेदिनेत हाबूचा पहिला खंड १९३० मध्ये व आठवा १९७० मध्ये निघाला.

अमेरिकन संग्राहक एडविन स्मिथ याने १८६२ मध्ये लक्सर येथे विकत घेतलेल्या शस्त्रवैद्यकीय पपायरसाचे ब्रेस्टेडकृत संपादन १९३० मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध झाले. मस्तकापासून खाली उतरत जाणाऱ्या ४८ जखमांचे व विकारांचे त्यात क्रमवार वर्णन असून, प्रत्येक ठिकाणी परीक्षा, निदान आणि ‘इलाज करावा’, ‘झुंज द्यावी’ किंवा ‘इलाज नाही’ असा स्पष्ट निर्णय दिलेला आहे. तारुण्यातील औषधशिक्षण येथे उपयोगी पडले असावे. त्याच्या सर्व ग्रंथांत हा सर्वांत टिकाऊ, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

सर्वच उद्योग यशस्वी झाले नाहीत. कैरो येथे नवे संग्रहालय बांधण्यासाठी रॉकफेलरचे एक कोटी डॉलरचे देणगीचे वचन घेऊन तो १९२६ मध्ये फुआद राजाकडे गेला. परंतु संग्रहालयाचा कारभार दीर्घ मुदतीपर्यंत परकीय पंडितांचा वरचष्मा असलेल्या मंडळाकडे राहावा, ही अट १९२२ मध्येच स्वातंत्र्याची घोषणा झालेल्या देशास मान्य होणे शक्य नव्हते. योजना फिसकटली. या नकाराचे खापर ईजिप्तच्या दरबारावर फोडणारे लेखक पुष्कळ आहेत, पण मसुद्यातील दोष त्यांच्या दृष्टीआड होतो.

त्याच्या सिद्धांतांपैकी काही काळाच्या कसोटीस उतरले नाहीत. इ. स. पू. ४२४१ हे वर्ष पंचांगाच्या प्रारंभाचे म्हणून इतिहासातील सर्वांत जुनी निश्चित मिती होय, हे त्याचे मत आता कोणी मानीत नाही, आणि पहिल्या राजवंशाचा त्याने धरलेला काळही सुमारे तीन शतके अलीकडे आणला गेला आहे. हॅटशेपसूट राणी व थुतमोस राजे यांच्या वारसाकलहाविषयी बर्लिनमधील सहाध्यायी झेटे याचा जो क्लिष्ट तर्क त्याने स्वीकारला होता, त्याचे खंडन विल्यम एजर्टन याने १९३३ मध्ये केले. एजर्टन हा ब्रेस्टेडचाच शिष्य, आणि खंडनाचा ग्रंथ त्याच्याच संस्थेने प्रसिद्ध केला, ही गोष्ट संस्थापकास भूषणावह होय. नीतिकल्पनांचा उगम नाईलच्या काठी झाला, हे ‘द डॉन ऑफ कॉन्शन्स’ (१९३३) या ग्रंथाचे प्रतिपादन भारावून लिहिलेले आहे, व इखनाटनाचे त्यातील चित्र पुराव्यापेक्षा भक्तीने रंगविलेले वाटते. ‘एन्शंट टाइम्स’ या पाठ्यपुस्तकाच्या १९३५ च्या आवृत्तीत संस्कृतीचे श्रेय ‘गोऱ्या महावंशास’ देणारी जी मांडणी आहे, ती त्या काळी रूढ असली तरी समर्थनीय नाही. ‘फर्टाइल क्रेसेंट’ म्हणजे सुपीक चंद्रकोर ही भूगोलातील संज्ञा मात्र याच पुस्तकामुळे सर्वत्र रूढ झाली.

अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीवर तो १९२३ मध्ये निवडून आला. १९२८ मध्ये अमेरिकन इतिहास परिषदेचे अध्यक्षपद त्याच्याकडे होते. १९३५ च्या अखेरीस प्रवासाहून परतताना त्यास घशाच्या जंतुसंसर्गाचा विकार जडला आणि त्यातच त्याचा अंत झाला. रॉकफर्ड येथील त्याच्या समाधीवरचा स्तंभ ईजिप्त सरकारने दिलेला आहे. त्याच्या संस्थेचे नाव २०२३ मध्ये बदलले, लक्सरचे ठाणे मात्र ‘शिकागो हाउस’ याच नावाने काम करीत आहे. ईजिप्तचा इतिहास प्रथमच शिकू पाहणाऱ्याने आज त्याचा १९०५ चा ग्रंथ हाती घेऊ नये. ज्यास लेखांचे अस्सल स्वरूप पाहावयाचे असेल त्याने मेदिनेत हाबूचे खंड उघडावेत.