सेडरहोल्मचा वाडा: हेलसिंकीच्या चौकातला व्यापारी

आजच्या व्याख्यानात आपण फिनलंडची राजधानी हेलसिंकी इथल्या सिनेट चौकात जाणार आहोत. या चौकात उभं राहिलं की नजर आपोआप उत्तरेकडे, उंच पायऱ्यांवरच्या पांढऱ्या कॅथेड्रलकडे जाते. पूर्वेला शासनाची इमारत, पश्चिमेला विद्यापीठ, मधोमध झार दुसरा अलेक्झांडर याचा पुतळा. पर्यटक फोटो काढतात ते याच बाजूचे. तुम्ही मात्र जरा पाठ फिरवा. दक्षिणेच्या रांगेत एक दुमजली दगडी घर दिसेल. तेच योहान सेडरहोल्मचं घर. सन १७५७ चं. शहराच्या मध्यवर्ती भागात आज उभी असलेली ही सर्वांत जुनी इमारत.

मी त्याला वाडा म्हणतोय, पण चौसोपी वाडा डोळ्यांपुढे आणू नका. शेजारच्या इमारतींपुढे ते ठेंगणंच वाटतं. मग त्याचं एवढं कौतुक कशाला? त्यासाठी जरा मागे जावं लागेल.

फिनलंड तेव्हा स्वीडनच्या राज्याचा भाग होता. १७४१ ते १७४३ च्या युद्धात स्वीडन रशियाकडून हरला, सरहद्द पश्चिमेला सरकली. पुन्हा असं होऊ नये म्हणून १७४८ मध्ये हेलसिंकीसमोरच्या बेटांवर स्वेआबोर्ग हा सागरी किल्ला बांधायला घेतला. ऑगस्टिन एरेन्सव्हर्ड हा त्याचा प्रमुख. आता बघा, हेलसिंकी तेव्हा लाकडी घरांचं लहानसं गाव. तिथे अचानक हजारो सैनिक आणि कारागीर आले. त्यांना लाकूड हवं, धान्य हवं, जहाजं हवीत. हा माल पुरवणारे व्यापारी गबर झाले. सेडरहोल्म त्यांतलाच एक. वयाच्या पस्तिशीत त्याने भर चौकात दगडी घर बांधलं. लाकडाच्या गावात दगडी घर, म्हणजे पैसा कुठून आला आणि किती आला हे सांगायला वेगळी पाटी नको!

सेडरहोल्म १८०५ मध्ये वारला. पुढचं त्याला बघावं लागलं नाही. १८०८ मध्ये रशियाने पुन्हा स्वारी केली, आणि ज्या किल्ल्यावर साठ वर्षं पैसा ओतला, तो मे महिन्यात वाटाघाटी करून शत्रूच्या हवाली झाला. त्याच वर्षी नोव्हेंबरात शहराला आग लागली आणि लाकडी घरांचा मोठा भाग जळून गेला. सेडरहोल्मचं दगडी घर मात्र वाचलं.

इथे इतिहासाची गंमत आहे. १८०९ मध्ये फिनलंड रशियाकडे गेला. जुनं प्रमुख शहर तुर्कू हे झारला स्वीडनच्या फार जवळचं वाटत होतं, म्हणून १८१२ मध्ये हेलसिंकीला राजधानी केलं. एरेनस्ट्रोमने नव्या शहराचा आराखडा आखला, बर्लिनमध्ये जन्मलेल्या कार्ल लुडविग एंगेलने इमारती रचल्या. जुनं लाकडी चर्च १८२७ मध्ये पाडलं. दक्षिणेकडच्या व्यापाऱ्यांच्या घरांनाही नवं रूप मिळालं. शेजारच्या बॉक यांच्या घरावर तर एक मजला चढवला आणि दर्शनी भागाला खांब लावले. सेडरहोल्मच्या घराने मात्र आपलं अठराव्या शतकातलं रूप टिकवलं.

म्हणजे रशियाला रोखण्यासाठी बांधलेल्या किल्ल्याच्या पैशातून उभं राहिलेलं घर रशियाच्या सम्राटाच्या चौकाचा भाग झालं! आज तिथे शहर संग्रहालयाचं ‘मुलांचं शहर’ आहे. पोरं तिथे जुन्या काळातलं जगणं खेळून बघतात. प्रवेश मोफत आहे.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवायला हवी. घराला नाव मिळालं मालकाचं. किल्ल्याचे दगड फोडणारे सैनिक, लाकडं वाहणारे मजूर, यांच्या नावाचं काहीच या चौकात नाही. एंगेलच्या इमारती सम्राटाचा इतिहास सांगतात, हे घर व्यापाऱ्याचा सांगतं. तिसरा इतिहास आपल्याला हिशेबाच्या वह्यांतून, मालाच्या याद्यांतून आणि सैनिकांच्या हजेरीपटांतून शोधावा लागतो. कुठलाही जुना वाडा बघताना ‘कुणी बांधवला’ एवढ्यावर थांबू नका. पैसा कुठून आला आणि घाम कुणाचा होता, हेही विचारा.

आज इथेच थांबतो.